‘धोका कमी आहे’ आणि ‘धोका नाही’

मोरा हे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील, नवी मुंबईच्या दक्षिण टोकाचे एक लहानसे बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच घारापुरीचे बेट डाव्या हाताला ठेवीत सुमारे तासाभरात येथे लागते. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल गाडी धावू लागली, अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला. तरी कोळीवाड्यातील मासळीच्या टोपल्या, शाळा-कचेरीला जाणारी माणसे आणि बाजारहाट यांचा मोऱ्याच्या जलमार्गाशी असलेला संबंध सुटलेला नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. मोऱ्याची लाँच मात्र पावसाळ्यातही चालते. म्हणूनच जून ते ऑगस्ट या काळात या धक्क्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आज बावटा लागला आहे काय?

‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य मोऱ्यात लहान मुलालाही समजते. लाँच बंद, होड्या किनाऱ्याला, मुंबईला जावयाचे असल्यास रस्त्याने किंवा रेल्वेने. वास्तविक हा बावटा म्हणजे कापडी निशाण नव्हे. हवामान खात्याकडून सूचना येताच बंदरावरील खांबावर दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकृत्या चढविल्या जातात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावले जातात. या संकेतांचे एक ते अकरा असे क्रमांक ठरलेले आहेत. पहिल्या चारांची इंग्रजी नावे ‘कॉशनरी’ आणि ‘वॉर्निंग’ या दोन शब्दांवर बेतलेली आहेत. पाच ते सात हे ‘डेंजर’ व आठ ते दहा हे ‘ग्रेट डेंजर’ होत. अकरावा संकेत हवामान केंद्राशी संपर्क तुटल्याचे सांगतो. या हिशेबाने तीन क्रमांकाचा संकेत हा ‘लोकल कॉशनरी’, म्हणजे या बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव असल्याने सावध राहावे असे सांगणारा, चढत्या भाजणीतील खालच्या पायरीवरचा आहे. मराठी वृत्तपत्रांत मात्र तीनपासून दहापर्यंत सर्वच ‘धोक्याचे बावटे’ होतात. चार पायऱ्यांचे चार शब्द होते, त्यांचा एकच शब्द झाला. पायरी कोणती हे आता केवळ क्रमांकावरूनच कळते, आणि तो क्रमांक कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवला म्हणूनच व्यवहार अडलेला नाही.

येथे अर्थाचा विपर्यास झाला तो सावधगिरीच्या बाजूने झाला. थोड्या धोक्यास मोठा धोका म्हटले तर एक फेरी बुडते, एवढेच. उलट बाजूने होणारा विपर्यास अधिक महागात पडतो आणि त्याचे वाहन म्हणून आज एक इंग्रजी शब्दप्रयोग शासकीय व ग्रामपंचायतीच्या व्यवहारात रूढ झालेला आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘लो रिस्क’.

२०२० साली करोनाच्या साथीत हा शब्द घराघरांत पोहोचला. बाधित व्यक्तीच्या निकट सहवासात आलेले ते ‘हाय रिस्क’ आणि त्याच खोलीत, त्याच वर्गात किंवा त्याच वाहनात असूनही निकट संबंध न आलेले ते ‘लो रिस्क’, अशी विभागणी आरोग्य यंत्रणेने केली होती. एका लाँचमधून आलेल्या दोन उतारूंपैकी एक पहिल्या यादीत व दुसरा दुसऱ्या यादीत जाऊ शकत असे. दुसऱ्या यादीतील माणसाने स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवावे, लक्षणे दिसताच कळवावे, अशी अपेक्षा होती. व्यवहारात ‘तुम्ही लो रिस्क आहात’ या वाक्याचा अर्थ पुष्कळांनी ‘तुम्हाला काही होणार नाही’ असा घेतला. त्याच वर्षीच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरास कमी जोखमीचे बांधकाम मानून परवानगीची रीत सोपी केली. तेथेही ‘लो रिस्क म्हणजे नियम नाही’ असा समज पसरावयास वेळ लागला नाही. शब्द तोच, आणि चूकही तीच.

शब्दाचे घटक

इंग्रजीत ‘हॅझर्ड’, ‘डेंजर’ आणि ‘रिस्क’ हे तीन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. तांत्रिक लेखनात मात्र त्यांच्या कामाची वाटणी झालेली आहे. अपाय करू शकणारी वस्तू किंवा स्थिती म्हणजे हॅझर्ड. तो अपाय घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास तो केवढा, या दोहोंचा मिळून होणारा अंदाज म्हणजे रिस्क. मोऱ्याच्या धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या हा हॅझर्ड आहे. त्या पायऱ्यांवरून ओहोटीच्या वेळी डोक्यावर टोपली घेऊन उतरणाऱ्या बाईची रिस्क मोठी. कठड्यापाशी उभे राहून लाँचची वाट पाहणाऱ्याची लहान. पायऱ्या दोघांनाही त्याच आहेत.

मराठीतील ‘धोका’ हा शब्द या दोन्ही अर्थांवर पांघरूण घालतो. धोका पायरीतही असतो आणि उतरण्यातही असतो. ‘जोखीम’ हा शब्द अधिक नेमका आहे आणि तो मुळात व्यवहारातला आहे. जुन्या पिढीतील माणसे प्रवासाला निघताना ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणत; त्याचा अर्थ दागिने किंवा रोकड बरोबर आहे असा असे. जे गमावण्याची भीती तीच जोखीम. जोखीम कोणीतरी पत्करतो, कोणावर तरी सोपवितो, कोणाची तरी अंगावर घेतो. धोका नुसताच असतो. व्युत्पत्तीचा निवाडा काहीही असो, ‘जोखणे’ म्हणजे तोलणे या क्रियापदाशी मराठी कान हा शब्द सहज जोडतो, आणि रिस्क या कल्पनेत नेमके तेच, म्हणजे तोलणे, अभिप्रेत आहे. यास्तव ‘लो रिस्क’साठी ‘कमी जोखमीचे’ हा पर्याय योग्य म्हणावा लागेल. ‘अल्पजोखीम’ हा समास कागदावर शोभतो, पण धक्क्यावर उच्चारला जाणार नाही.

तरीही नुसता शब्द बदलून प्रश्न सुटत नाही. त्याचे कारण मराठीच्या ठेवणीत आहे.

‘नाही’ शेवटी येते

अपायाचा अभाव सांगण्यासाठी मराठीजवळ शब्दांची वाण नाही. निर्धोक, बिनधोक, निरुपद्रवी, निर्विष, बिनविषारी, सुरक्षित, झालेच तर बोलण्यातला बिनधास्त. हे सर्व शब्द ‘बिन’ किंवा ‘निर्’ लावून बनलेले असोत वा नसोत, एकजात शून्य सांगतात. ‘थोडासा निर्धोक’ असे कोणी म्हणत नाही. धोक्याची मात्रा सांगावयाची तर ‘कमी’, ‘बेताचा’, ‘किरकोळ’, ‘नाममात्र’ असे निराळे शब्द बाहेरून आणावे लागतात. भाषांतर करताना घाईत असलेला लेखनिक तयार विशेषणाकडे हात घालतो, आणि ‘लो रिस्क’चे ‘निर्धोक’ होऊन बसते. मूळ इंग्रजी शब्दाने थोडीशी जोखीम शिल्लक ठेवलेली असते. मराठी शब्द ती पुसून टाकतो.

याला एक सुंदर अपवाद सर्पविषयक मराठी लेखनात सापडतो. सापांचे बिनविषारी, निमविषारी व विषारी असे तीन वर्ग सांगण्याची रीत शाळांतून व सर्पमित्रांच्या व्याख्यानांतून चांगली रुजलेली आहे. हरणटोळ व मांजऱ्या हे निमविषारी. त्यांच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, म्हणून कोणी त्यांना हाती धरून खेळवावे असेही नाही. ‘निम’ या दोन अक्षरांनी मधली पायरी जागेवर ठेवली. प्रशासकीय परिभाषेत असे आणखी काही शब्द घडले असते तर बरे झाले असते.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘लो रिस्क’ या अर्थी बोलण्यातले सर्वांत सहज वाक्य कोणते, तर ‘फारसा धोका नाही’. वाक्य निर्दोष आहे, अस्सल मराठी आहे. पण ते ध्वनिक्षेपकावरून, लाँचच्या यंत्राच्या घरघरीत किंवा ग्रामसभेच्या गलबल्यात उच्चारले गेले, म्हणजे काय ऐकू येते? ‘...धोका नाही’. ज्या एका शब्दावर वाक्याचा सारा अर्थ टांगलेला आहे तो ‘फारसा’ आरंभीच पडून जातो. हेच विधान ‘धोका कमी आहे’ असे केले, तर शेवटी ‘आहे’ येते. अर्धेमुर्धे ऐकणाराही ‘...कमी आहे’ एवढे घेऊन जातो, आणि काय कमी आहे असे विचारतो. दोन्ही वाक्यांचा कोशगत अर्थ जवळजवळ एकच. लोकांच्या मनावर उमटणारा ठसा अगदी निराळा. सूचना लिहिणाऱ्याने या एका गोष्टीकडे लक्ष दिले तरी पुष्कळ काम होईल.

रिकामे पिंप

शब्दावर विसंबून माणूस कसा वागतो, याचा बोलका दाखला अमेरिकेतील बेंजामिन ली व्होर्फ या अभ्यासकाने दिलेला आहे. व्होर्फ (१८९७–१९४१) भाषाशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जातो. पण त्याने शिक्षण घेतले रासायनिक अभियांत्रिकीचे, आणि पोटासाठी नोकरी केली ती हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत. ठिकठिकाणी लागलेल्या आगींची कारणे तपासणे हे त्याचे काम. तपासणीत त्याला दिसून आले की, पेट्रोलने भरलेली पिंपे जेथे ठेवीत तेथे कामगार दक्षतेने वावरत. पण ‘रिकामी पिंपे’ असे नाव असलेल्या जागेत धूम्रपान आणि जळत्या काड्या टाकणे चालत असे. वस्तुतः रिकामे पिंप अधिक घातक, कारण त्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि ती हवेत मिसळून स्फोटक बनते. पिंप द्रवाच्या दृष्टीने रिकामे होते. वाफेच्या दृष्टीने नव्हते. कामगारांनी वाफेकडे न पाहता ‘रिकामे’ या शब्दाकडे पाहिले. व्होर्फने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधाचा आरंभ अशाच उदाहरणांनी केला आहे.

भाषा मनुष्याच्या विचाराला कितपत बांधते, याविषयी व्होर्फने पुढे मांडलेल्या सिद्धांतावर विद्वानांत पुष्कळ वाद झाले. ते वाद येथे अप्रस्तुत आहेत. पिंपाचे उदाहरण मात्र उरण तालुक्यात नित्याचे आहे. इंधनाची रिकामी पिंपे होडीवर असतात, गॅरेजात असतात, कोणी ती कापून पाण्याची टाकी करू पाहतो. वेल्डिंगची ठिणगी पडली म्हणजे ‘रिकामे’ शब्दाची किंमत कळते. तेल व वायूचे मोठे साठे ज्या तालुक्यात आहेत तेथील शाळांतून हा धडा विज्ञानाच्या तासाला घ्यावा की भाषेच्या, हे शिक्षकांनी ठरवावे. दोन्ही तासांना तो चालण्यासारखा आहे.

इंग्रजीही या बाबतीत निर्दोष आहे असे नव्हे. टँकरच्या पाठीवर पूर्वापार ‘इनफ्लेमेबल’ असा शब्द लिहीत आले. त्याचा अर्थ सहज पेट घेणारे असा. पण इंग्रजीत ‘इन’ हा उपसर्ग अनेकदा नकार दाखवितो. त्यामुळे एखाद्याने तो ‘न पेटणारे’ असा वाचला तर दोष कोणाचा? ही भीती ओळखून अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात विसाव्या शतकात ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द जाणीवपूर्वक पुढे आणला गेला. व्याकरणशुद्ध शब्द बाजूला सारून लोकांना न फसविणारा शब्द स्वीकारला, ही गोष्ट मराठी परिभाषाकारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. महाराष्ट्रात ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही शासनव्यवहाराची भाषा ठरली. तेव्हापासून हजारो संज्ञा घडविल्या गेल्या. त्यांतील कार्यालयाच्या आत वापरावयाच्या संज्ञा आणि धक्क्यावर, शेतावर, दवाखान्याच्या दारात लावावयाच्या संज्ञा यांना एकच माप लावून चालणार नाही.

हिरवा त्रिकोण

शब्द टाळून रंग वापरावा, म्हणजे भाषेची अडचणच उरणार नाही, असा एक विचार सुचतो. तो तपासून पाहण्यासाठी शेतकऱ्याच्या घरातील कीटकनाशकाची बाटली हाती घ्यावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे तिच्यावर रंगीत त्रिकोणांचा एक चौकोन छापलेला असतो. लाल त्रिकोण अत्यंत विषारी औषधाला, पिवळा त्याच्या खालच्या पायरीला, निळा मध्यम विषारी औषधाला आणि हिरवा किंचित विषारी औषधाला. लाल व पिवळ्या खुणेसोबत ‘पॉयझन’, निळ्यासोबत ‘डेंजर’ व हिरव्यासोबत ‘कॉशन’ हे शब्द असतात. चारही रंग विषाचेच आहेत. पण हिरवा म्हणजे ‘जा’, हिरवा म्हणजे चांगले, असे रस्त्यावरील दिव्याने शिकविलेले असते. हिरव्या खुणेची बाटली पाहून हातमोजे नकोत असे कोणास वाटले तर नवल नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती सर्व लेबलाशी जोडणे योग्य होणार नाही. परंतु बाटलीवरील खूण ज्याला वाचता येते अशा एका तरी माणसाची प्रत्येक गावाला किती गरज आहे, हे तेव्हा दिसून आले.

हवामान खात्याचा हिरवा रंगही असाच नीट वाचावा लागतो. त्याचा अर्थ ‘इशारा नाही’ असा आहे. इशारा देण्याजोगे काही दिसत नाही, एवढेच खाते सांगते. समुद्र निर्धोक आहे असे ते म्हणत नाही. पिवळ्याचा मूळ अर्थ लक्ष ठेवा, माहिती घेत राहा असा असताना मराठीत ‘यलो अलर्ट’ असा शब्द रूढ झाला, आणि बावट्याप्रमाणेच तेथेही पायऱ्या पुसट झाल्या. गरोदर मातांच्या तपासणीच्या मोहिमेत तपासणीपत्रकावर लावण्यात येणाऱ्या हिरव्या चिकटपट्टीचा अर्थ ‘तपासणीत जोखमीचे लक्षण आढळले नाही’ असा आहे. कोणत्याही बाळंतपणात ऐनवेळी गुंतागुंत उद्भवू शकते, हे आशा कार्यकर्तीला पक्के ठाऊक असते. घरच्या मंडळींना मात्र ‘हिरवी लागली, आता काळजी नाही’ असे वाटते आणि वाहनाची तजवीज राहून जाते.

ग्रामपंचायत सदस्यांना अधिक जवळचे उदाहरण उद्योगांच्या वर्गवारीचे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली प्रदूषणाच्या निर्देशांकावरून उद्योगांना रंग दिले. साठ किंवा अधिक गुणांचे लाल, त्याखालील नारिंगी, मग हिरवे, आणि वीसपर्यंत गुण मिळणारे पांढरे. पांढऱ्या वर्गाचे इंग्रजी वर्णन ‘प्रॅक्टिकली नॉन-पोल्यूटिंग’ असे होते, म्हणजे व्यवहारापुरते प्रदूषण न करणारे. ‘प्रॅक्टिकली’ हा शब्द गाळून कोणी ‘प्रदूषणमुक्त उद्योग’ असा अर्ज ग्रामसभेपुढे ठेवला, तर त्या एका गाळलेल्या शब्दात वीस गुण लपलेले असू शकतात, हे सदस्यांनी जाणावे. आणि हिरवा म्हणजे स्वच्छ असे समजणाऱ्याने या भाजणीत हिरव्याच्याही खाली पांढरा आहे हे पाहावे.

कशाचा, कोणाला, कोठवर

‘लो रिस्क’ या शब्दप्रयोगाचा खरा दोष तो इंग्रजी आहे हा नव्हे. तो अपुरा आहे. कशाची जोखीम कमी, कोणाची कमी आणि किती वेळपर्यंत कमी, हे तो सांगत नाही. आणि जेथे हे सांगितलेले नसते तेथे ऐकणारा ‘कशाचीच नाही, कोणालाच नाही, कधीच नाही’ असे स्वतःच भरून घेतो.

१८ डिसेंबर २०२४ चा दिवस मोऱ्याच्या लोकांच्या स्मरणात आहे. पावसाळा संपून अडीच-तीन महिने झालेले, समुद्र शांत, खांबावर बावटा नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका आदळली. या अपघातात पंधरा जणांचा बळी गेला. प्रवासी बोटीवर परवान्यात नमूद असलेल्या संख्येहून अधिक माणसे होती. हवामानाच्या दृष्टीने तो दिवस कमी जोखमीचाच होता आणि तसे कोणी म्हटले असते तर ते खरेही ठरले असते. परंतु बावट्याचा खांब वाऱ्याविषयी बोलतो. दुसऱ्या नौकेविषयी, गर्दीविषयी, जीवरक्षक जाकिटांविषयी तो काही सांगू शकत नाही.

याच बंदराच्या पलीकडच्या काठावर, भाऊच्या धक्क्याजवळच्या व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज स्फोटाने उडाले. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीला चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. आग लागली ती कापसाला, आणि तीही स्फोटके असलेल्या दोन क्रमांकाच्या कोठारात. कापसाला बाजारात कोणी धोकादायक माल म्हणत नाही. पण दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसू लागली की ती विझविणे कठीण. आणि शेजारी दारूगोळा असला की कापूस हीच वात होते. धोकादायक मालाची खूण असलेला लाल बावटा त्या जहाजावर चढविलेला नव्हता. शेकडो माणसे मेली, त्यांत सहासष्ट अग्निशमन जवान होते. १४ एप्रिल हा दिवस त्यांच्याच स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. वस्तू एकटी कमी जोखमीची असते आणि संगतीने ती तशी राहत नाही, ही गोष्ट गोदामाच्या परवान्यावर लिहिण्यासारखी आहे.

कोणाला जोखीम, हा प्रश्न उरणमध्ये एका निराळ्याच शब्दाने उभा केलेला आहे. करंजा येथील नौदलाच्या शस्त्रसाठ्याच्या परिसरातील ज्या जमिनींवर बांधकामाचे निर्बंध आहेत, त्यांना सारा तालुका ‘सेफ्टी झोन’ म्हणतो. बाहेरगावच्या माणसाला वाटावे की हा भाग सर्वांत सुरक्षित. प्रत्यक्षात अपघात झालाच तर झळ पोहोचू नये म्हणून माणसांनी जेथे राहू नये, असा हा पट्टा. सुरक्षितता आहे ती अंतराची. पण घर ज्याचे त्या पट्ट्यात आहे त्याच्या वाट्याला त्या शब्दातून दाखले अडणे, कर्ज न मिळणे आणि दुरुस्तीचा प्रश्न एवढेच येते. ‘सुरक्षित’ हा शब्द ऐकताच ‘कोणाच्या दृष्टीने?’ असे विचारण्याची सवय या तालुक्याला अनुभवाने लागलेली आहे, आणि ती सवय चांगली आहे.

कोठवर, याचे उत्तर कोळ्यांच्या बोलण्यात पूर्वीपासून आहे. ‘आज भांगाचे पाणी आहे’ असे म्हटले की भरती-ओहोटीचा जोर बेताचा, हे कळते आणि तो किती दिवस बेताचा राहील हेही कळते. अमावास्या-पौर्णिमा आली की उधाण. मोऱ्याला ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लागणे कठीण होते, म्हणून तेथे वेळ न सांगता केलेले कोणतेही विधान निरुपयोगी ठरते. ज्या शब्दात दिवस आणि प्रहर अंतर्भूत आहे असा शब्द दर्याच्या भाषेत आहे; कचेरीच्या भाषेत तो वेगळा लिहावा लागेल.

सूचना कशी लिहावी

समजा, बंदरावर किंवा गावात एखादी सूचना लावावयाची आहे. इंग्रजी कागदावर ‘लो रिस्क’ असे आलेले आहे. त्याचे ‘लो रिस्क’ असेच देवनागरीत लिप्यंतर करणे ही सर्वांत सोपी वाट, आणि काही वेळा ती अगदीच वाईटही नसते. कारण परका शब्द वाचणाऱ्याला थबकवितो व तो कोणास तरी विचारतो. पण ज्याला विचारावयाचे तोच गैरहजर असेल तर शब्द कोरडा राहतो. ‘निर्धोक’, ‘सुरक्षित’, ‘धोका नाही’ हे तीन शब्द मात्र अशा जागी कटाक्षाने टाळावेत. जेथे मूळ कागदाने शून्य सांगितलेले नाही, तेथे भाषांतराने ते सांगण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही.

‘पाण्याच्या टाकीत औषध टाकले असून ते सुरक्षित आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘टाकीत आज सकाळी औषध टाकले आहे. पाण्याला वास येईल. त्यापासून अपाय होण्याचा संभव कमी आहे. तान्ह्या मुलांसाठी पाणी उकळून घ्यावे. कोणास उलटी किंवा पुरळ आल्यास आरोग्य केंद्रात कळवावे’ असे लिहिले, तर चार ओळी अधिक लागतात. या चार ओळींत कशाची जोखीम, कोणाची आणि पुढे काय करावयाचे हे सर्व आलेले आहे. वाक्य ‘आहे’ने संपते, ‘नाही’ने नव्हे. ‘किंचित’, ‘बेताचा’, ‘कमी’ या शब्दांपैकी एकच शब्द निवडून तो सर्व सूचनांत सारखा वापरावा. आज ‘किरकोळ’ आणि उद्या ‘अल्प’ असे केल्यास वाचणाऱ्याला पायरी बदलल्यासारखे वाटते. तीन नंबरच्या बावट्याचे बळ हेच की तो कधी साडेतीनचा झाला नाही.

शाळेत याचा सराव घेणे सोपे आहे. सातवी-आठवीच्या मुलांना घरातील पाच वेष्टणे आणावयास सांगावीत : काडेपेटी, डास मारण्याची वडी, फिनाईल, खोकल्याचे औषध, कीटकनाशकाची धुऊन पुरून टाकावयाची बाटली नको, तिचे फक्त चित्र. प्रत्येकावर लिहिलेली सावधगिरीची सूचना मुलांनी आपल्या आजीला समजेल अशा एका वाक्यात लिहावी आणि मग ते वाक्य वर्गाच्या दुसऱ्या टोकाकडून मोठ्याने वाचून दाखवावे. मागच्या बाकावरील मुलाला जे ऐकू आले ते त्याने फळ्यावर लिहावे. ‘फारसा’ हा शब्द किती वेळा हरवतो हे मुलांना पहिल्याच तासाला दिसेल.

फलकावरील सूचनेत आणखी एक गोष्ट हवी. ती तारीख व वेळ घालून लिहावी आणि मजकुराच्या तळाशी ‘ही सूचना ... वाजेपर्यंत लागू’ अशी ओळ कोरी ठेवावी. धक्क्यावरील माणसाने ती रोज सकाळी खडूने भरावी, वेळ उलटताच पुसावी, आणि कोरी ओळ दिसल्यास उतारूंनी तिकीट काढण्यापूर्वी खिडकीवर विचारावे.